दिव्यांग सहकारी दौऱ्यावर निघतो तेव्हा

"पुढच्या आठवड्यात बैठक आहे, दोन दिवस जावं लागेल, तिकीट काढून घ्या." ऑफिसातून असा निरोप आला की बहुतेकांच्या डोक्यात दोन-तीनच प्रश्न येतात: कधी निघायचं, कुठे राहायचं, परत कधी यायचं. व्हीलचेअर वापरणाऱ्या, कमी किंवा अजिबात न दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, किंवा वरून धडधाकट दिसत असूनही एखादा जुनाट आजार सांभाळून काम करणाऱ्या माणसासाठी मात्र याच निरोपाने एक वेगळं काम सुरू होतं. विमानात व्हीलचेअर घेतील का? तिची बॅटरी चालेल का? हॉटेलच्या बाथरूमच्या दारातून ती आत जाईल का? बैठक कितव्या मजल्यावर आहे, आणि तिथली लिफ्ट सुरू आहे का? औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या? या चौकशीत कित्येक तास जातात. ते तास कुठल्याच हजेरीपटावर दिसत नाहीत, आणि सोबत निघालेल्या सहकाऱ्याला वाटतं की आपण दोघं एकाच दौऱ्याला चाललोय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक लक्षणीय अपंगत्वासह जगतात, म्हणजे साधारण दर सहा माणसांमागे एक. अपंगत्व जन्मजातच असतं असं नाही. आजारातून, अपघातातून किंवा नुसतं वय वाढल्यामुळेही ते येतं. म्हणून हा विषय नव्या भरतीपुरता मर्यादित राहत नाही. वर्षानुवर्षं कंपनीत असलेल्या, सगळे ग्राहक नावानिशी ओळखणाऱ्या माणसाचे गुडघे, डोळे किंवा मज्जासंस्था उद्या कुरकुरू लागू शकते, आणि दौरे नेमके अशाच अनुभवी माणसांच्या वाट्याला जास्त येतात.

एक कडी निसटली की

कामाचा प्रवास ही एक साखळी असते. तिकीट काढायची वेबसाइट, घरापासून स्थानकापर्यंतची गाडी, स्थानक, विमान किंवा रेल्वे, पलीकडची टॅक्सी, हॉटेल, बैठकीची इमारत, संध्याकाळचं जेवण, आणि मग तेच सगळं उलट दिशेने. यातल्या नऊ कड्या उत्तम असल्या आणि दहावीत दोन पायऱ्या निघाल्या, तर व्हीलचेअरवरच्या माणसाचा प्रवास तिथेच थांबतो. निरोगी माणसाला एखादी गैरसोय झाली तर तो वैतागतो आणि पुढे जातो. इथे पुढे जाण्याचा रस्ताच नसतो.

प्रत्येक कडी वेगळ्या संस्थेच्या ताब्यात असते, हीच खरी मेख आहे. विमान कंपनी म्हणते आमची सोय चोख आहे. विमानतळ म्हणतो आमच्याकडे रॅम्प आहे. हॉटेल म्हणतं आमची खोली सुगम आहे, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशी. कदाचित सगळे खरंच सांगत असतात. पण दोन कड्यांच्या मधल्या जागेची जबाबदारी कोणाचीच नसते. विमानातून उतरवणारा मदतनीस सामान घेण्याच्या पट्ट्यापर्यंत येतो आणि निघून जातो. त्याच्यापुढे टॅक्सीपर्यंतचं अंतर कोणी पार करायचं? बैठकीच्या इमारतीत रॅम्प असतो, पण तो मागच्या दाराला असतो आणि ते दार सहानंतर बंद होतं. ही जोडणी शेवटी कर्मचारी स्वतः करतो: फोन करून, मेल पाठवून, एकच गोष्ट चार जणांना पुन्हा पुन्हा सांगून. माझ्या मते अपंग कर्मचाऱ्याच्या प्रवासातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. शरीराची मर्यादा त्याने कधीच स्वीकारलेली असते, त्याच्याशी त्याने जगणं जुळवून घेतलेलं असतं. बाकीच्यांनी न केलेल्या कामाचा भार मात्र दर वेळी नव्याने त्याच्यावर येतो.

विमान आणि व्हीलचेअर

सगळ्यांत अवघड कडी बहुधा विमानाची, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

रेल्वेत किंवा बसमध्ये बऱ्याच ठिकाणी माणूस आपल्या व्हीलचेअरवर बसूनच प्रवास करू शकतो. विमानात तसं करता येत नाही. कारण असं की विमानातल्या प्रत्येक आसनाला कडक चाचण्या पार कराव्या लागतात. आजच्या नियमांनुसार प्रवासी विमानातलं आसन पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का सोसून जागेवर राहायला हवं. रोजच्या वापरातल्या व्हीलचेअर या कसोटीसाठी बनलेल्या नसतात आणि केबिनमध्ये त्या घट्ट अडकवायची सोयही नसते. त्यावर संशोधन चालू आहे. २०२३ साली हॅम्बुर्गच्या विमान-अंतर्भाग प्रदर्शनात स्वतःच्या पॉवर व्हीलचेअरवर बसून प्रवास करता येईल अशा आसनाचा नमुना मांडला गेला. तरी प्रत्यक्ष सेवेत आज घडणारा प्रकार असा: विमानाच्या दाराशी प्रवाशाला त्याच्या खुर्चीतून उचलून एका अगदी अरुंद खुर्चीत बसवतात, पट्ट्यांनी बांधतात, मधल्या वाटेने आत नेतात आणि पुन्हा उचलून आसनावर ठेवतात. उचलणारे प्रशिक्षित असतील तर ठीक. नसतील तर खांदा निखळण्यापासून कातडी सोलवटण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. शिवाय हे सगळं इतर प्रवाशांच्या डोळ्यांसमोर घडतं. त्यानंतर तासाभरात या माणसाने ग्राहकासमोर हसतमुखाने सादरीकरण करायचं असतं.

खुर्ची मग सामानाच्या कप्प्यात जाते. हाताने ढकलायची हलकी खुर्ची असेल तर तुलनेने सोपं. पॉवर व्हीलचेअर मात्र सहज शंभर किलोच्या पुढे जाते. ती उभी मावली नाही तर आडवी केली जाते, आणि नियंत्रणाची कांडी, डोक्याचा आधार, पाय ठेवायच्या पट्ट्या मोडतात. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून मोठ्या विमान कंपन्यांना अशा घटनांचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. तिथल्या परिवहन खात्याच्या आकड्यांनुसार एकट्या २०२३ सालात साडेअकरा हजारांहून अधिक व्हीलचेअर आणि स्कूटर मोडल्या, हरवल्या किंवा वेळेवर मिळाल्या नाहीत. बॅग हरवली तर कपडे विकत घेता येतात. पण खुर्ची त्या माणसाच्या मणक्याच्या वळणाला, मांडीच्या लांबीला, हाताच्या ताकदीला जुळवून बनवलेली असते. दुसरी बनायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. विमानतळावर हातात मिळणाऱ्या साध्या खुर्चीत दिवसभर बसलं तर काहींना दाबामुळे जखमा होतात, आणि त्या बऱ्या व्हायला दौऱ्याच्या कितीतरी पट काळ जातो.

भरपाईचं गणितही माहीत हवं. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्याच्या दृष्टीने व्हीलचेअर म्हणजे सामान. सामानासाठी विमान कंपनीच्या जबाबदारीची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकार इतकी आहे. विशेष आहरण अधिकार हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही रक्कम ढोबळमानाने २,००० अमेरिकी डॉलरांच्या आसपास भरते, आणि चांगली पॉवर व्हीलचेअर त्याच्या कितीतरी पट महाग असते. मात्र याच करारात एक सोय आहे. सामान सोपवताना त्याची जास्त किंमत लेखी जाहीर केली, आणि कंपनीने मागितलं तर त्यासाठी जादा शुल्क भरलं, तर भरपाईची मर्यादा जाहीर केलेल्या रकमेपर्यंत वाढते. फार थोड्या प्रवाशांना हे ठाऊक असतं. कंपनीच्या प्रवास विभागाने हा कागद तिकिटासोबतच तयार ठेवायला हवा. अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांना ही मर्यादा लागू नाही. तिथे खुर्चीच्या मूळ खरेदी किमतीनुसार भरपाई ठरते.

बॅटरीचंही तसंच. खुर्चीतून काढता येणारी लिथियम बॅटरी प्रवाशाने केबिनमध्ये सोबत ठेवायची असते. सर्वसाधारण मर्यादा एका बॅटरीला ३०० वॉट-तास, आणि खुर्चीला दोन लागत असतील तर प्रत्येकी १६० वॉट-तास. खुर्चीतच पक्की बसवलेली किंवा जेलची बॅटरी असेल तर नियम वेगळे. बॅटरीचा प्रकार आणि क्षमता सांगणारं उत्पादकाचं पत्र हाताशी नसेल, तर ऐनवेळी खुर्ची घ्यायला नकार मिळू शकतो. आणि खुर्ची नाही म्हणजे दौरा नाही.

तिकीट काढताना "व्हीलचेअर हवी" एवढंच लिहून भागत नाही. विमान कंपन्या ठरावीक संकेत वापरतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानात आपल्या आसनापर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट आसनापर्यंत नेऊन बसवावं लागतं. चुकीचा संकेत पडला की विमानाच्या दारापर्यंत उचलणारी अँब्युलिफ्ट गाडी येत नाही आणि माणूस शिडीच्या तळाशी अडकतो. प्रवास विभागातल्या ज्या व्यक्तीने तिकीट काढलं तिला हा फरक माहीतच नसतो, आणि तिला तो कोणी शिकवलेलाही नसतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल बोलायला सगळे अवघडतात. मधली एकच वाट असलेल्या लहान विमानांत व्हीलचेअरवरच्या माणसाला वापरता येईल असं टॉयलेट बहुधा नसतं. अमेरिकेने २०२३ साली नियम केला की १२५ किंवा अधिक आसनांच्या अशा नव्या विमानांत ते असायलाच हवं, पण तो २०३३ नंतर मागणी नोंदवलेल्या विमानांपासून लागू होईल. तोवर कित्येक जण प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी पिणं कमी करतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, डोकं जड होतं, थकवा येतो. चार तासांच्या उड्डाणानंतर लगेच बैठक ठेवणाऱ्याला हे ठाऊक असतं, तर त्याने बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली असती.

"सुगम खोली" म्हणजे किती सेंटिमीटर?

हॉटेलच्या बाबतीत एकच सल्ला द्यायचा तर असा: विशेषणांवर विश्वास ठेवू नका, मापं मागा. दाराची मोकळी रुंदी किमान ८१ ते ८२ सेंटिमीटर हवी. व्हीलचेअर पूर्ण वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. रॅम्पचा चढ १ ला १२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. ही मापं अमेरिकेच्या २०१० च्या मानकांत आहेत, आणि बऱ्याच देशांच्या नियमांत याच्या जवळपासचे आकडे दिसतात. बाथरूममध्ये खुर्चीसकट जाता येईल असा सपाट शॉवर आहे की टबची कड ओलांडून आत जावं लागतं, हा एकच तपशील सगळं ठरवतो. पलंगाची उंची आणि त्याच्याखालची पोकळी याचीही चौकशी करावी लागते, कारण माणसाला उचलायच्या यंत्राचे पाय पलंगाखाली सरकावे लागतात. पलंग खालून बंदिस्त असेल तर ते यंत्र निरुपयोगी.

खोली आरक्षित केली तरी ती मिळेलच याची खात्री नसते. रात्री उशिरा पोहोचल्यावर कळतं की ती आधीच दुसऱ्या कोणाला देऊन टाकली. अमेरिकेत मार्च २०१२ पासून हॉटेलांवर बंधन आहे की सुगम खोल्यांची वैशिष्ट्यं आरक्षणाच्या वेळीच पुरेशा तपशिलाने सांगायची, आणि ज्याने ती खोली घेतली त्याच्यासाठीच ती राखून ठेवायची. जिथे असा नियम नाही तिथे हॉटेलकडून लेखी हमी घेणं आणि बाथरूमचे फोटो मागवणं हाच मार्ग. हे काम प्रवास विभागाचं आहे, कर्मचाऱ्याचं नाही.

ज्यांची अडचण पायऱ्यांशी नसते

अपंगत्व म्हटलं की डोळ्यांसमोर व्हीलचेअर येते, म्हणून बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं.

ऐकू न येणाऱ्या माणसाला विमानतळावर गेट बदलल्याची घोषणा कळत नाही. हॉटेलात आगीचा भोंगा वाजला तर तो झोपूनच राहतो. त्याच्या खोलीत लुकलुकणारा दिवा किंवा उशीखाली थरथरणारं यंत्र हवं. बैठकीला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर बहुधा दोघांची व्यवस्था करावी लागते, कारण हे काम मेंदूला इतकं थकवतं की दुभाषी साधारण दर वीस मिनिटांनी आळीपाळीने बसतात. परदेशातल्या बैठकीत आणखी एक मुद्दा. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे बोलायची भाषा इंग्रजी असली, तरी दोन्हींच्या सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. त्यामुळे "तिथलाच कोणी दुभाषी बघू" असं म्हणून भागत नाही.

दृष्टिहीन कर्मचाऱ्याची पहिली अडचण घर सोडण्याआधीच येते. तिकीट काढायच्या वेबसाइटवरची बटणं त्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचताच येत नाहीत. विमानतळावरचं स्वयंचलित यंत्र नुसत्या टचस्क्रीनचं, हॉटेलच्या लिफ्टमध्ये उठावदार बटणं नाहीत, आणि परत आल्यावर खर्चाचा तपशील भरायचा तर बिलं छायाचित्रांच्या रूपात, म्हणजे पुन्हा वाचता न येणारी. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीची डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९९९ पासून आहेत, त्यांची २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. कंपनीने प्रवासाचं सॉफ्टवेअर विकत घेतानाच ही अट घातली असती, तर दर महिन्याला सहकाऱ्याकडे "जरा हे फॉर्म भरून देतोस का" म्हणून जावं लागलं नसतं. आपल्या खर्चाचे आकडे दुसऱ्याला दाखवावे लागणं यातही एक ओशाळलेपण असतं.

आणि मग वरून न दिसणारी अपंगत्वं. अपस्मार असलेल्या काही जणांना अपुऱ्या झोपेमुळे झटका येऊ शकतो, त्यामुळे पहाटे चारच्या विमानाचा प्रश्न त्यांच्यासाठी कंटाळ्याचा राहत नाही. मधुमेह असलेल्याने इन्शुलिन सामानाच्या कप्प्यात ठेवायचं नसतं, तिथे ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो, आणि तीन कालपट्टे (टाइम झोन) ओलांडले की डोसांच्या वेळा नव्याने बसवाव्या लागतात. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात सकाळी ठीक असलेला माणूस दुपारी पार गळून जातो. ऑटिझम असलेल्या व्यक्तीला गर्दी, आवाज आणि ऐनवेळचे बदल यांचा ताण इतका होतो की मुख्य कामासाठी बळच उरत नाही. औषधं नेण्याचेही नियम आहेत. एका देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध दुसऱ्या देशात बेकायदा असू शकतं. उदाहरणार्थ, अवधानाच्या विकारासाठी (एडीएचडी) वापरली जाणारी ॲम्फेटामाइन असलेली औषधं चिठ्ठी असूनही जपानमध्ये नेता येत नाहीत.

अशा लोकांना दर ठिकाणी आपला आजार उलगडून सांगावा लागू नये म्हणून २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळ्यातली फीत सुरू झाली. ती घातली की कर्मचाऱ्यांना न विचारता कळतं: या व्यक्तीला थोडा जास्त वेळ द्या, सावकाश सांगा. आता बऱ्याच देशांतल्या विमानतळांवर ती चालते.

खर्चाचा नियम कोणाच्या शरीराला धरून केलाय?

बहुतेक कंपन्यांच्या प्रवासधोरणात एक वाक्य असतं: सर्वांत स्वस्त उपलब्ध पर्याय निवडावा. वरवर पाहता ते सगळ्यांना समान वाटतं. पण सर्वांत स्वस्त विमान बहुधा मधे बदलायचं असतं, आणि प्रत्येक बदलात खुर्ची आणखी एकदा चढते-उतरते, म्हणजे मोडण्याची शक्यता आणखी वाढते. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला साधारणपणे सर्वांत शेवटी उतरवतात. पुढच्या विमानाला पन्नास मिनिटं असतील तर ते चुकल्यातच जमा. स्वस्त हॉटेल बैठकीपासून लांब असतं, आणि सुगम टॅक्सी हवी असेल तर आधी नोंदवावी लागते. दोघांनी एक खोली वाटून घ्यायचा नियम असेल, तर रात्री कॅथेटर (लघवीची नळी) बदलायची असलेल्या माणसाने काय करायचं?

ज्यांना मदतनीस लागतो त्यांचा प्रश्न आणखी मोठा. दुसरं तिकीट, दुसरी खोली, मदतनिसाचं मानधन. कॅनडात जानेवारी २००९ पासून देशांतर्गत उड्डाणांसाठी "एक व्यक्ती, एक भाडं" हे तत्त्व मोठ्या विमान कंपन्यांना लागू झालं: तीव्र अपंगत्वामुळे सोबत मदतनीस लागत असेल तर त्याचं वेगळं भाडं नाही. ब्रिटनमध्ये १९९४ पासून "ॲक्सेस टू वर्क" ही सरकारी योजना आहे, तिच्यातून कामासाठी लागणाऱ्या मदतनिसाचा किंवा साधनांचा खर्च मिळू शकतो. जिथे अशी योजना नाही तिथे हा खर्च कंपनीनेच उचलायला हवा, आणि तोही त्या टीमच्या तुटपुंज्या प्रवासखर्चातून नको, कंपनीच्या मध्यवर्ती निधीतून हवा. टीमच्या खात्यातून गेला की प्रत्येक दौऱ्याआधी व्यवस्थापकाच्या मनात हिशेब सुरू होतो, आणि तो हिशेब त्या माणसाच्या विरोधात जातो. "आधी स्वतः भरा, नंतर परत घ्या" ही पद्धतही इथे जाचते, कारण भरायची रक्कम दुप्पट असते.

प्रवासविम्याची कागदपत्रं बारकाईने वाचा. आधीपासून असलेल्या आजाराला बऱ्याच पॉलिसींत संरक्षण नसतं.

कायदा काय म्हणतो

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, तो ३ मे २००८ पासून अमलात आला. त्याचं सत्ताविसावं कलम कामाच्या हक्काबद्दल आहे. त्यातली मध्यवर्ती कल्पना वाजवी तजविजेची: दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून गरजेनुसार बदल करून देणं, जोवर त्याचा भार मालकावर प्रमाणाबाहेर पडत नाही. अशी तजवीज नाकारणं हा त्या करारानुसार भेदभाव ठरतो. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात हीच कल्पना आहे. त्याने मान्य अपंगत्वांचे प्रकार २१ केले आणि प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं. अमेरिकेचा १९९० चा कायदा १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना बांधतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमानुसार विमानतळावर मदत मोफत मिळते आणि दोनपर्यंत साधनं विनाशुल्क नेता येतात; त्यासाठी ४८ तास आधी कळवायचं असतं.

नोकरीत प्रवास हा कामाचा भाग असेल, तर वाजवी तजवीज ऑफिसच्या दारापाशी संपत नाही. थेट विमानाचं तिकीट, एक दिवस आधी पोहोचणं, मदतनिसाचा खर्च ही सगळी त्याच हक्काची रूपं आहेत. कोणी उपकार करत नसतं.

"तुला त्रास नको म्हणून"

आता ज्याने सर्वांत खोल जखम होते त्याबद्दल. वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी पाहून एखादा मायाळू वरिष्ठ ठरवतो: जाऊ दे, याला दगदग नको, दुसऱ्याला पाठवू. हेतू चांगला असतो. परिणाम असा होतो की त्या कर्मचाऱ्याला ग्राहक प्रत्यक्ष भेटत नाहीत. परिषदेत त्याचं नाव येत नाही. बढतीच्या वेळी "बाहेरचा अनुभव कमी आहे" असा शेरा पडतो. ज्या निर्णयाने अनुभव हिरावला, त्याच अनुभवाच्या अभावाचा ठपका त्याच्यावर बसतो. आणि हे सगळं इतक्या प्रेमाने घडतं की तक्रार तरी कोणाकडे आणि कशी करायची?

व्हिडिओ कॉलने खूप काही सोपं केलं हे खरं, आणि ज्याला तो हवा आहे त्याला तो मिळालाच पाहिजे. पण निवड त्याची हवी. बाकी सगळे एका टेबलाभोवती आणि एकटा तो भिंतीवरच्या पडद्यावर, अशा बैठकीत चहाच्या वेळी जे ठरतं ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. नाही म्हणायची मुभा हवी. काही जण नोकरी जाईल या भीतीने, किंवा "जमत नाही" म्हणवून घ्यायची लाज वाटून, शरीर नको म्हणत असताना दौरे करतात आणि आठवडाभर अंथरुणाला खिळतात. विचारायचा प्रश्न अगदी साधा आहे: "हा दौरा आहे. तुला जायचं आहे का? जायचं असेल तर काय काय लागेल?" तुला नेमकं झालंय काय, याची चौकशी त्यात नको. आजाराचं नाव सांगणं हा त्याचा प्रश्न. काय लागेल ते कळणं कंपनीला पुरेसं आहे. हा प्रश्न टीममधल्या सर्वांनाच विचारायची सवय लावली तर आणखी चांगलं, म्हणजे न दिसणारं अपंगत्व असलेल्यालाही तोंड उघडायला जागा मिळते.

मग करायचं काय

कर्मचाऱ्याच्या गरजांची नोंद एकदाच घ्या, त्याच्या संमतीने, आणि मोजक्याच लोकांना दिसेल अशी ठेवा. खुर्चीची मापं, वजन, बॅटरीचा प्रकार, विमानाचा योग्य संकेत, खोलीत काय हवं, प्रवासानंतर किती विश्रांती लागते, हे सगळं त्यात असावं. प्रत्येक दौऱ्याला पहिल्यापासून सांगावं लागणं बंद झालं की निम्मा थकवा तिथेच जातो. प्रवास विभागात निदान एक माणूस असा हवा जो या साखळीतल्या सगळ्या कड्या स्वतः फोन करून जोडतो आणि ज्याचा नंबर रात्री अकरालाही लागतो. धोरणात एक वाक्य वाढवा: अपंगत्वामुळे महाग पर्याय लागला तर वेगळी मंजुरी लागणार नाही. दौरा ठरवताना पोहोचण्याचा दिवस आणि कामाचा दिवस वेगळे ठेवा.

संकटकाळाचा विचार फार कमी कंपन्या करतात. आग लागली तर लिफ्ट बंद होते. मग आठव्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवरच्या पाहुण्याला कोण आणि कसं खाली आणणार? खोली खालच्या मजल्यावर मागा, आणि हॉटेलला ही योजना आधीच विचारा. प्रवासातल्या जोखमींच्या व्यवस्थापनावर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२१ मध्ये ३१०३० क्रमांकाचं मार्गदर्शक मानक काढलं आहे. मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी आखताना त्याचा उपयोग होतो.

सहकाऱ्यांसाठी एवढंच: न विचारता खुर्ची ढकलू नका, दृष्टिहीन सहकाऱ्याचा हात धरून ओढू नका, तुमचा कोपर पुढे करा. टॅक्सीवाला किंवा हॉटेलवाला दिव्यांग सहकाऱ्याबद्दलचा प्रश्न तुम्हाला विचारेल तेव्हा उत्तर देऊ नका, त्याच्याकडे पाहा. आणि संध्याकाळचं जेवण कुठे ठरवताय तिथे पायऱ्या आहेत का ते आधी बघा. दिवसभराची बैठक जमली आणि रात्री सगळे जिना चढून वर गेले, तर त्याचा दौरा त्या जिन्याशी संपलेला असतो.

परत आल्यावर दोन कामं लगेच करायची. खुर्चीची किंवा दुसऱ्या कुठल्या साधनाची मोडतोड झाली असेल तर विमानतळ सोडण्यापूर्वीच नोंद करा, फोटो काढा, पावती घ्या; माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत करावी लागते, आणि उशिरा मिळालेल्या सामानासाठी ही मुदत २१ दिवसांची आहे. दुसरं म्हणजे जे चुकलं आणि जे जमलं ते दोन्ही प्रवास विभागाच्या नोंदीत घाला: कुठल्या हॉटेलचं दार खरंच रुंद निघालं, कुठल्या स्थानकावर मदतनीस वेळेवर आला, कुठल्या इमारतीचा रॅम्प सहानंतर बंद होतो. पुढच्या वेळी त्याच शहराला जाणारा सहकारी वेगळा असेल, त्याची अडचणही वेगळी असेल, पण त्याला निदान फोन कोणाला करायचा हे माहीत असेल.